तात्यांचा हेडफोन आणि टाकीवरचा भोंगा

आमच्या तात्यांना कमी ऐकू येतं, हे तात्या सोडून सगळ्यांना मान्य आहे.

तात्या म्हणजे माझे वडील. फौजेत तोफखान्यात होते. उमेदीची सगळी वर्षं तोफेच्या शेजारी उभं राहून काढल्यावर माणसाच्या कानांचं जे व्हायचं तेच त्यांच्या कानांचं झालं. पण त्यांचं म्हणणं वेगळं. "मला काय बी कमी ऐकू येत न्हाई. तुमीच समदी दबक्या आवाजात बोलताय. चोरं कुठली!" कानाच्या यंत्राचा विषय काढला की ते उठून रानात जायचे. यंत्र म्हाताऱ्यांनी लावायचं असतं, असं त्यांचं ठाम मत. (तात्या ऐंशीच्या पुढचे आहेत.)

संध्याकाळी टीव्हीवर कुस्ती लावली की अख्खा फड आमच्या सोप्यात भरायचा. आमच्या शेजारी डिझेलवरची पिठाची गिरणी आहे. एकदा त्या गिरणीचा मालक आमच्याकडे आवाजाची तक्रार घेऊन आला! यावरून काय ते समजा.

खरं सांगायचं तर त्या हंगामात टीव्हीकडं लक्ष द्यायला मला सवडच नव्हती. माझा जीव टांगला होता उसात. पलूसपासून थोडं आत आमचं गाव. मी तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात उसाची काळजी करतो. गावाबाहेर आमचा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस उभा होता, आणि नुसता उभाच होता. आजूबाजूची रानं मोकळी झाली. लोकांच्या उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत माझ्या शाळेवरून जायचे आणि फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू मोडायचा. आमच्या उसाला तुरा आला. तुरा पांढरा झाला, वाऱ्यावर डुलायला लागला. रस्त्यानं जाणारे पाहुणे गाडी थांबवून फोटो काढायचे. पण ज्याचा ऊस त्याला विचारा! तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो आणि त्याचं वजन घटतं. मालकाचंही घटतं.

उसाला तोड द्यायची, म्हणजे तोडणीची पाळी लावायची, चिठ्ठी कारखान्याच्या ज्या माणसाच्या हातात असते, त्याला आमच्याकडं चिटबॉय म्हणतात. नावात बॉय असला तरी आमचे रंगराव पन्नाशीचे, गावच्याच एका वस्तीवरचे, पोटानं सुखवस्तू. त्यांची मोटारसायकल गावात शिरली की मोठमोठे बागायतदार पळत चहा सांगायला जायचे. मी रोज त्यांना गाठायचो. ते रोज म्हणायचे, "सोमवारी बघू की, सर." कुठल्या सोमवारी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

घरी पाऊल टाकलं की तात्यांचा प्रश्न, "बाळू, तोड मिळाली का रं?" मी सांगायचो. परत सांगायचो. तिसऱ्यांदा ओरडून सांगायचो. तेव्हा तात्या म्हणायचे, "वरडतोस कशाला? तोड मिळाली का एवढंच इचारतोय!"

शेवटी घरातलं तिसरं माणूस बोललं. ही, म्हणजे माझी बायको सुनंदा. माहेर पाटणकडचं. एरवी माझ्याशी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलते, पण डोकं फिरलं की थेट माहेरच्या बोलीवर येते. त्या दिवशी आली.

"आवं, एक तर ह्यो टीव्ही ऱ्हाईल या घरात, न्हाईतर मी!"

मी जरा विचारात पडलो. (इथं विचारात पडायला नको होतं.)

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं सांगलीला, हेडफोन घ्यायला.

दुकानदारानं काउंटरवर सगळं मांडलं. आधी कानाच्या भोकात घालायची बोंडं दाखवली. पण तात्यांच्या कानातल्या केसांचं रान इतकं दाट, की बोंड आत गेलं तर हुडकायला वेगळी टोळी लावावी लागली असती. मग अख्खा कान झाकणारे मोठे डबडे. ते डोक्यावर चढवले की आपोआप मोटारसायकलची किल्ली शोधावीशी वाटते. मग त्यानं कानावर नुसते टेकणारे काढले. हलके, मऊ गादीचे, बघायलाही साधे. हे मला पसंत पडले.

"ह्यात बिनवायरचा दाखवू? चार्जिंग केलं की दिवसभर बघायला नको."

तात्या मोबाईल चार्जिंगला लावतात, बटण चालू करायचं विसरतात आणि सकाळी उठून सरकारला शिव्या देतात. मी म्हटलं, "वायरचाच द्या."

"मग हा न्या. स्वस्तात बसेल. फक्त सर, ह्याला जोर लागतो. टीव्हीवर, मोबाईलवर आवाज बारीक येईल. मागं ताकदीचं मशीन असलं तर मात्र ह्याच्यासारखा दुसरा नाही."

यातलं मी 'स्वस्तात बसेल' एवढंच ऐकलं. (कमी ऐकू येणं आमच्या घराण्यातच आहे.)

मी तो कानावर चढवला. दुकानदारानं काहीतरी ढोलकीचं लावलं. मी हिच्याकडं झुकून अगदी हळू आवाजात म्हटलं, "किंमत जास्त सांगतोय. आपण उठायचं नाटक करू. मागनं हाक मारतोय का नाही बघ!"

ही लालबुंद झाली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं वळली. दुकानदारानं माझ्या कानावरचा हेडफोन उचलला आणि शांतपणे म्हणाला, "सर, नाटक नको. आत्ताच हाक मारतो. बसा."

या प्रसंगातून मी काहीतरी शिकायला हवं होतं, असं आता वाटतं.

घरी आल्यावर धाकधूक होती ती तात्यांची. हे कानाचं यंत्रच आहे, असं त्यांच्या मनात आलं असतं तर हेडफोन सरळ म्हशीच्या शिंगावर गेला असता. पण तात्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "आरं, ह्यो तर आमच्या वायरलेस सेटवरचा! ऑपरेटर लोकांस्नी असायचा. आमाला हात लावू द्यायचं न्हाईत." असं म्हणून त्यांनी तो डोक्यावर चढवला, पाठ ताठ केली आणि टीव्हीसमोर बसले.

जरा वेळानं म्हणाले, "मुंग्यांची कुस्ती हाय व्हय रं?"

आवाज बारीक! टीव्हीचा आवाज शेवटापर्यंत वाढवला तरी मुंग्यांच्या जागी फार तर मुंगळे आले. दुकानदाराचं बोलणं तेव्हा मला पूर्ण ऐकू आलं. ताकदीचं मशीन!

आणि ताकदीचं मशीन आमच्याच घरात होतं.

आमचं घर देवळाला लागून. भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर देवळात ठेवला तर उंदीर वायरी खातात, म्हणून तो कायम आमच्या सोप्यातल्या फळीवर. त्याच्यापासून निघालेली वायर आमच्या खिडकीतून बाहेर पडते आणि खांबाखांबावरून भोंग्याकडं जाते. भोंगा पूर्वी देवळाच्या शिखरावर होता. वानरांनी तो पाडला. मग सगळ्यांनी ठरवलं, पाणी सुटल्याचं, शेळी हरवल्याचं वाड्यावस्त्यांवर ऐकू जायला पाहिजे, तर भोंगा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीवर बांधू. तसा तो बांधला. टाकीखाली हुसेनचाचांची चहाची टपरी.

अॅम्प्लिफायरला हेडफोनसाठी एक भोक होतं. मी टीव्हीची वायर अॅम्प्लिफायरला जोडली आणि हेडफोन त्या भोकात खुपसला. आता भोंग्याचं काय? टीव्हीला हेडफोन लावला की टीव्हीचा आवाज बंद होतो. मोबाईलचंही तसंच. तेव्हा जगातल्या प्रत्येक यंत्राचं तसंच असणार, असा मी विज्ञानाचा शिक्षक या नात्यानं निष्कर्ष काढला. ही म्हणाली, "भोंग्याची वायर काढून ठेवा ना एकदाची." मी म्हटलं, "गरज नसते गं. आतल्या आत तुटतं ते."

मी बटण फिरवलं. तात्या खुर्चीत उडाले. "आरं तिच्या मायला! पैलवानाचा श्वास ऐकू येतोय!"

घरात शांतता पसरली. आमच्या घरात, म्हणतोय मी.

लगेच लाइट गेली. संध्याकाळची लाइट जाणं हा आमच्याकडं दिनक्रमच. तात्यांचा चेहरा एवढासा झाला. मी गोठ्यातून औषध मारायचा बॅटरीचा पंप आणला. त्याच्या बॅटरीवर आम्ही मोबाईल चार्ज करतो, बल्ब लावतो. अॅम्प्लिफायरही त्याच ताकदीवर चालतो. जोडला. टीव्ही बंद होता, मग ऐकणार काय? सहज म्हणून मी भजनी मंडळाचा माइक हातात घेतला आणि साध्या आवाजात म्हटलं, "तात्या, ऐकू येतंय का?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. कितीतरी वर्षांनी मी न ओरडता बोललेलं त्यांना एका दमात ऐकू आलं होतं. मग एकदम छाती पुढं काढून त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला, "लाऊड अँड क्लिअर! बोलो! ओव्हर!"

त्या दिवसापासून आमच्या घरात नवा संसार सुरू झाला. रोज संध्याकाळी लाइट गेली की पंप आणायचा, अॅम्प्लिफायर लावायचा, तात्या हेडफोन चढवून बसायचे, आणि माइक आमच्या तिघांत फिरायचा. तात्यांनी स्वतःला 'टायगर' नाव घेतलं. मला दिलं 'खच्चर'. (तोफा ओढणारं गरीब जनावर. ते प्रेमानं दिलेलं नाव आहे, असं तात्या म्हणतात.)

"टायगर बोलतोय. खच्चर, तोड मिळाली का? ओव्हर."

"नाही मिळाली. ओव्हर."

"का न्हाई? ओव्हर."

आणि मग मी मोकळा व्हायचो! दिवसभराची सगळी जळजळ माइकात ओतायचो. "तात्या, हा रंगराव म्हणजे आश्वासनांचा कारखाना आहे. बारमाही चालू, आणि गाळप शून्य! माणूस चहा आपला पितो आणि ऊस दुसऱ्याचा तोडतो. देवानं त्याला जीभ दिली ती फक्त सोमवार म्हणायला! ओव्हर."

"मग त्याच्या तोंडावर बोल की! ओव्हर."

"तोंडावर असं बोलायचं नसतं, तात्या. तोंडावर गोड बोलायचं, काम काढून घ्यायचं. ओव्हर."

गिरणी बंद असली की लांबून कुणीतरी भोंग्यावर बोलल्यासारखं पुसट ऐकू यायचं. मी हिला म्हणायचो, "कुणाचा तरी प्रचार चालू दिसतोय. आवाज ओळखीचा वाटतो, पण माणूस मूर्ख वाटतोय." आणखी एक गंमत म्हणजे मी बोलायचं थांबलो की तोही थांबायचा. म्हटलं, मूर्ख असला तरी शिस्तीचा आहे.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

गावातलं वारं मात्र बदलल्यासारखं वाटायला लागलं. मी चहाला गेलो तर हुसेनचाचांनी कप पुढं केला आणि म्हणाले, "साखर जादा टाकलीया, सर. तुमाला गोड बोलाय लागतं न्हवं? ओव्हर." मी चमकलो. पण म्हटलं, चाचांचे भाऊ फौजेत होते, तिकडून ते 'ओव्हर' आलं असेल.

दोन-तीन दिवसांनी मी भजी मागितली. चाचा म्हणाले, "तुमाला न्हाई."

"का?"

"डाक्टरनं बंद केल्यात न्हवं? सूनबाईंस्नी चोरून खाताय म्हणं."

ही गोष्ट घरात फक्त हिला माहीत होती, आणि आदल्याच संध्याकाळी हिनं ती तात्यांना सांगितली होती. घरी येऊन मी हिला फैलावर घेतलं. "तू बाहेर काय काय बोलतेस?"

"मी? मी कुठं बाहेर जाते? तुम्हीच सांगत असाल टपरीवर. आज नळावर बायका मला विचारत होत्या, तुमच्या नणंदेनं नेलेली पैठणी आली का परत! हे मी कुणाजवळ बोलले? फक्त तात्यांजवळ!"

"मग तात्या?"

आम्ही दोघांनी तात्यांकडं बघितलं. पण तात्या त्या दिवसांत घरातून बाहेरच पडत नव्हते. त्यांना रानापेक्षा सेट गोड झाला होता.

माझी झोप उडाली. घरात कुणीतरी कान लावून बसतं, याची मला खात्रीच झाली. मी खिडक्या लावून घेतल्या. (भोंग्याची वायर जिथून जाते, तेवढी फट ठेवून.) गिरणीवाल्यावर पाळत ठेवली. रंगरावांचं वागणंही मला टोचायला लागलं. पूर्वी 'सोमवारी बघू' म्हणायचे. आता माझ्याकडं बघून नुसते हसायचे. यांच्या कानावर काही गेलं असेल तर? ऊस पाडव्यापर्यंत उभा राहिला तर? तेव्हा तोडायला ऊस नव्हे, चिपाडंच उरायची!

शेवटी आम्ही नवरा-बायकोनं पक्का बंदोबस्त केला. आता गुप्त काहीही एकमेकांत बोलायचं नाही. भिंतीला कान असतात. जे काही बोलायचं ते फक्त तात्यांशी आणि फक्त माइकवर. थेट त्यांच्या कानात! त्याहून सुरक्षित जागा जगात कुठं असणार?

त्यानंतर टाकीखाली संध्याकाळी इतकी गर्दी व्हायला लागली, की चाचांनी दोन बाकडी वाढवली.

मग एक दिवस मी ठरवलं, बास झालं. आज रंगरावांना गाठायचं आणि तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. ते संध्याकाळी टाकीखाली बसतात, हे मला माहीत होतं. तात्यांना पंप जोडून दिला, माइक हिच्या हातात दिला, इस्त्रीचा सदरा घातला आणि निघालो.

टाकीखाली हे एवढं गाव! मला बघून सगळे एकदम गप्प झाले. कुणी खोकलं. कुणी तोंडात टॉवेलचं टोक कोंबलं. मला वाटलं, सर आले म्हणून आदर. रंगराव बाकावर पाय पसरून बसले होते. मी समोर जाऊन हात जोडले.

"रंगराव, तुमच्याबद्दल मी नेहमी घरी सांगतो, असा देवमाणूस भागात नाही."

"व्हय की," रंगराव म्हणाले. "ऐकतोय मी."

मागं कुणाला तरी जोरात ठसका लागला.

"आता मी सांगून काय सांगणार? सगळ्या गावाला माहीत आहे तुमचं."

"आता झालंया खरं समद्या गावाला माहीत," चाचा हळूच म्हणाले.

मला काहीच उमजेना, पण आता मागं कसं फिरायचं? गोडव्याला आणखी पाक हवा, असं वाटलं. रंगरावांच्या पँटला रानातला चिखल लागून वाळला होता. मी खाली वाकलो आणि म्हटलं, "रानोमाळ किती फिरता हो आमच्यासाठी!" असं म्हणत मी तो चिखल हातानं झटकायला लागलो.

आणि वरून, टाकीवरून, आकाशवाणी झाली.

"हॅलो, हॅलो! टायगर बोलतोय. सूनबाई, खच्चर कुठं गेलं? ओव्हर."

माझा हात रंगरावांच्या घोट्यावर तसाच राहिला.

"टाकीकडं गेल्यात, तात्या. रंगरावांस्नी गाठायला. ओव्हर."

"पाया पडायला व्हय? ओव्हर."

"तसंच की. जाताना म्हणत होते, काय करणार, अडला हरी..."

पुढं हिला हसू आलं आणि म्हण तिथंच अर्धी राहिली. टाकीखालच्या प्रत्येक माणसानं ती मनातल्या मनात पुरी केली. मग सगळ्यांच्या नजरा आधी रंगरावांच्या पायांकडं गेल्या, तिथून माझ्या हाताकडं आल्या, आणि शेवटी सावकाश रंगरावांच्या तोंडाकडं वळल्या.

पोरांना मी ध्वनीचा धडा दरवर्षी शिकवतो. ध्वनीचा वेग किती, परावर्तन कसं होतं, सगळं मला पाठ आहे. त्या क्षणी मात्र एकच कळत होतं. तो शिस्तीचा मूर्ख मीच होतो! खिडकीबाहेरची ती वायर, ते खांब, ती गर्दी, ती भजी, ती पैठणी, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि त्यापुढं आमचा ऊस. कायमचा उभा!

"सर," रंगराव उठत म्हणाले, "जरा टाकीच्या मागं चला."

मी गेलो. कसा गेलो ते विचारू नका. टाकीमागं पोचल्याबरोबर मी हात जोडले. "रंगराव, चूक झाली. माझ्यावरचा राग उसावर काढू नका. म्हातारा माणूस आहे घरात, रोज विचारतो."

"ठावं हाय. आमी बी रोजच ऐकतोय." रंगरावांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पयल्या दिवशी ऐकलं तवा माझं डोस्कं फिरलं. तुमचा नंबर पार शेवटाला टाकला. आन् घरी गेलो, तर आमची मंडळी हसत बसलेली. मला म्हणाली, लगीन झाल्यापासनं मी ह्येच वरडतीया, तर तुमी म्हणायचा माझंच डोस्कं फिरलंय. आता शाळंचा सर बी त्येच म्हणतोय, त्यो बी भोंग्यावरनं! सर, त्या दिवसापासनं माझ्या घरात भांडाण न्हाई. सांजच्याला खुर्ची टाकून अंगणात बसती, तुमचं समदं ऐकती आन् समाधानानं मला जेवाय वाढती. गरम भाकरी! कवाच्या काळानं मिळाली."

"मग तोड का अडवलीत?"

"आवं, कसं कळंना तुमाला? तुमचा ऊस तुटला की तुमी मला शिव्या देताल व्हय? मग माझ्या घरात परत चालू!"

मी टाकीला टेकलो. माझा ऊस वाळत होता, तो रंगरावांच्या गरम भाकरीसाठी!

"आता असं करा," रंगराव म्हणाले. "आता तुमाला बी कळलंय, म्हंजी आता जास्त दिवस न्हाई चालायचं ह्ये. आज एक जोरदार हून जाऊ द्या. शेवटची. आमच्या मंडळीचं मन भरलं पायजे, वरीसभर पुरली पायजे. तशी झाली तर उद्या सकाळी तोडणीची टोळी तुमच्या रानात. आन् मिळमिळीत झाली, तर मग सोमवारी बघू."

मी पळतच घरी आलो. हिला सगळं सांगितलं. हिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे पैठणी? म्हणजे जाऊबाईंच्या आमटीला नावं ठेवली तेही? अगं आई गं!" तिला समजवायला वेळ नव्हता. मी घसा साफ केला, माइक हातात घेतला.

"टायगर बोलतोय. तोड मिळाली का? ओव्हर."

आता बोलायचं. इतके दिवस धबधबा वाहत होता. पण टाकीखालचं गाव, अंगणात खुर्ची टाकून बसलेली ती माउली, सगळं डोळ्यांपुढं दिसायला लागलं. घाम फुटला. उद्याची टोळी माझ्या एका वाक्यावर अडली होती, आणि मला एक धड शिवी आठवेना!

"रंगराव..." मी म्हटलं, "रंगराव तसे... बरे आहेत."

गिरणी बंद होती. गावाच्या त्या टोकाहून 'हॅट्!' असा आवाज आमच्या सोप्यापर्यंत ऐकू आला.

तात्या चकित होऊन माझ्याकडं बघायला लागले. "खच्चर, ताप आलाय काय रं? ओव्हर."

मी माइकवर हात दाबला आणि हिच्याकडं काकुळतीनं बघितलं. "अगं, काहीतरी सुचव! ऊस चालला हातचा!"

हिनं पदर खोचला. "लिहून घ्या म्हणायला वेळ नाही. मी सांगते, तसं बोला." आणि माझ्या कानाशी लागून सुरू झाली. मी हात काढून तसंच्या तसं माइकात ओतत गेलो.

"तात्या, कसला ताप? त्या माणसाचं नाव काढलं की ताप येतो! काम सांगितलं की हो म्हणतो, आणि कानात बोळे घालून बसतो. आज करतो, उद्या करतो, आणि परवा म्हणतो, मला कधी सांगितलं होतं? घरातला नळ गळतोय, तो दिसत नाही आणि दुसऱ्याला अक्कल शिकवायला सगळ्यांच्या पुढं! तोंडानं सगळ्या जगाचं विज्ञान सांगतो, आणि स्वतःचा टॉवेल कुठं टाकलाय ते माहीत नाही! चार लोकांत देवमाणूस आणि घरात दगड! आणि खायला? डॉक्टरनं बंद केलं तरी चोरून खातो! ओव्हर!"

लांबून टाळ्यांचा पाऊस आला. शिट्ट्या आल्या. तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला.

मी घाम पुसत हिला म्हटलं, "एवढ्या झटक्यात कसं सुचलं गं तुला?"

"सुचायला कशाला पाहिजे?" ही पदर सोडत म्हणाली. "तयारच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली. कोयते चालले, तुरे आडवे झाले, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तात्या बांधावर काठी टेकून उभे होते. रंगराव मोटारसायकलवरून आले, माझ्या खांद्यावर हात टाकला. चेहऱ्यावर गरम भाकरीचं तेज.

"सर, कालची लय जबरी झाली. आमच्या मंडळीच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, एक एक अक्षर खरं हाय, आन् बोलणाऱ्यानं अगदी मनापासनं बोललंय."

मनापासून होतं, यात शंकाच नाही. मन तेवढं हिचं होतं, आणि माणूस मी.